युद्धात पडलेली शाळा पुन्हा उभी करायला किती खर्च येतो? अंदाजपत्रक काढण्याची पद्धत, पायरी पायरीने

“सर, चौरस मीटरला दर काय धरू?”

माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका ज्युनिअरचा हा फोन. ती आता नवी मुंबईतल्या एका कन्सल्टन्सीत परदेशातल्या कामांची अंदाजपत्रकं करते. गोळीबारात अर्धी पडलेली एक तीन मजली शाळा तिच्या टेबलावर आली होती. देश कुठला हे सांगायची तिला परवानगी नव्हती, आणि मला त्याची गरजही नव्हती. मी म्हटलं, “दर शेवटी. उद्या दादरला ये, चहा पिऊ. येताना फोटो आण.”

आधीच सांगतो, मी युद्धभूमीवर कधी गेलेलो नाही. माझी नोकरी मुंबईतल्या पालिकेच्या आणि सरकारी इमारतींत टेप धरून गेली. पण गळक्या स्लॅबचं अंदाजपत्रक जिथे चुकतं, बहुतेक तिथेच बॉम्ब पडलेल्या इस्पितळाचंही चुकतं. मुंबईत बसून असली बीओक्यू (कामाच्या मापांची आणि दरांची यादी) करणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

पहिली पायरी: आकडा कशाचा हवाय ते विचारून घ्या

युक्रेनच्या पुनर्बांधणीला ५२४ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं, युरोपीय आयोग आणि युक्रेन सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. त्याच अहवालात थेट नुकसान १७६ अब्ज डॉलर आहे. म्हणजे जवळपास तिपटीचा फरक, आणि तरी दोन्ही आकडे बरोबर.

असे अहवाल ज्या पद्धतीने करतात, तिच्यात तीन खाती असतात. पहिलं नुकसान: जे मोडलं ते लढाईआधीच्या भावाने किती रुपयांचं होतं. दुसरं तोटा: शाळा बंद, इस्पितळ बंद, म्हणून बुडालेलं उत्पन्न आणि वाढलेला खर्च. तिसरं गरज: आजच्या भावाने, आजच्या नियमांप्रमाणे, पूर्वीपेक्षा धडपणे बांधून ती सेवा चालू करायला काय लागेल. गाझाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजात नुकसान सुमारे ३० अब्ज, तोटा १९ अब्ज आणि गरज ५३ अब्ज डॉलर होती. ३० आणि १९ मिळून ४९ होतात. लोक इथे हमखास बेरीज करायला जातात. गरज हे त्या दोघांचं टोटल नव्हे, तो स्वतंत्र हिशेब आहे.

आपल्याकडे आलेल्या फाइलवर फक्त ‘कॉस्ट’ लिहिलेलं असतं. ईमेल करा आणि लेखी विचारा: यातलं कुठलं खातं? उत्तर येईपर्यंत एक्सेल उघडू नका.

दुसरी पायरी: आत पाय ठेवण्याआधीचा खर्च

मुंबईत आपण पाहणीला जातो तेव्हा वॉचमनला हाक मारतो आणि जिना चढतो. तिथे आधी न फुटलेला दारूगोळा शोधणारं पथक जातं. खोली न् खोली तपासून ते प्रमाणपत्र देतं, मग इंजिनिअर आत जातो. ढिगाऱ्याखाली काय आहे हे वरून कळत नाही, म्हणून उपसा चालू असतानाही ते पथक जागेवर लागतं. ही रक्कम एकदाच धरून भागत नाही, दिवसांवर धरावी लागते.

त्याच्याच जोडीला टेकू. अर्धवट लोंबणारा स्लॅब टेकू दिल्याशिवाय मोजतासुद्धा येत नाही. आपल्याकडे हा खर्च कंत्राटदाराच्या माथी मारून मोकळं व्हायची सवय आहे. तसं केलं की तो पुढे दुसऱ्या कुठल्यातरी आयटममधून वसूल करतो.

मालकीचे कागद आणि मूळ नकाशे हा बिनपैशाचा वाटणारा पण महिने खाणारा भाग. पालिकेची कचेरी जळाली की तिच्याबरोबर शाळेचे नकाशेही जळतात. मग सगळं नव्याने मोजून काढायचं. त्यासाठी वेगळी रक्कम धरा.

तिसरी पायरी: पाहणी. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

मुंबईकर वाचकाला धोकादायक इमारतींची पालिकेची वर्गवारी नव्याने शिकवायला नको. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-३ किरकोळ. युद्धग्रस्त भागातल्या पाहणीतही अशाच पायऱ्या असतात, नावं निराळी. फरक एवढाच, की आपली इमारत सगळीकडून सारखी म्हातारी होते. गोळा लागलेल्या इमारतीत एक विंग सी-१ असते आणि चाळीस फुटांवरच्या वर्गात फळ्यावरचा खडू तसाच असतो. म्हणून संपूर्ण इमारतीला एक शिक्का मारू नका. खोली-खोलीचा तक्ता करा.

आता ज्युनिअरने आणलेला फोटो. पहिल्या मजल्यावरचा वर्ग, काचा फुटलेल्या, पण स्लॅब सरळ, खालून एक तडा नाही. तिने समोर लिहिलं होतं: ‘प्लास्टर आणि खिडक्या.’ मी विचारलं, “अगं, फरशी उचलून पाहिली का कुणी?”

स्फोटाचा दाब खालून आला तर तो स्लॅबला वर उचलतो. आपण स्लॅब बांधतो ते वजन खाली येणार या हिशेबाने; गाळ्याच्या मध्यावर मुख्य सळ्या तळाला असतात, वरच्या अंगाला फारसं काही नसतं. उचलला गेला की तडा वरून जातो, आणि स्लॅब परत जागेवर बसतो. खालून सगळं छान. तडा फरशीखाली. त्यामुळे प्रत्येक संशयित वर्गात निदान एक मीटर बाय एक मीटर फरशी काढून पाहण्याचा आयटम पाहणीच्या खर्चातच टाका. चार फरश्यांची ती किंमत आहे, आणि न केल्यास पुढे अख्खा स्लॅब ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून येतो.

आग लागलेली असेल तर वेगळा विचार. साधारण ३०० अंशांपुढे काँक्रीट ताकद गमवायला लागतं आणि पुष्कळदा गुलाबी छटा धरतं. ६०० च्या पुढे ते भुरकट, ठिसूळ. मात्र हा गुलाबी रंग खडी कुठल्या दगडाची यावर ठरतो. रंग दिसला नाही म्हणजे तापलं नाही, असं धरू नका. टीएमटी, म्हणजे आजकालच्या नेहमीच्या सळईचं दुखणं आणखी लपलेलं: ५००-६०० अंशांपुढे गेलेली सळई थंड झाल्यावर दिसते पूर्वीसारखीच, पण ताकद पूर्ण परत आलेली नसते. तुकडा कापून लॅबला पाठवणं हाच उपाय.

चाचण्या आपल्या ओळखीच्याच. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोका मारून ताकद जोखणारं साधन) फक्त कातडी सांगतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं समजायचं, त्याच्या खाली असेल तर शंका घ्यायची. शंका आली की कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला गोल नमुना. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेप्रमाणे कोअरची सरासरी ताकद अपेक्षित क्यूब ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. तिथली संहिता निराळी असेल; ती मागवून घ्या, आपली लादू नका.

चौथी पायरी: राडारोडा

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझं नाक इथेच कापलं गेलंय. गिरणगावातल्या एका शाळेची मोठी दुरुस्ती होती, शाळेचं नाव घेत नाही. अंदाजपत्रकात राडारोड्याला पाच किलोमीटरचं लीड, म्हणजे वाहून नेण्याचं अंतर, धरलं. काम सुरू झालं आणि ठरलेल्या जागेवर माल घेईनात. टिपर खाडीपलीकडे जायला लागले, तेही रात्रीचेच, कारण दिवसा अवजड वाहनांना बंदी. त्या एका आयटमने बाकीची सगळी बचत खाल्ली. तेव्हापासून मी कुठल्याही अंदाजपत्रकात आधी लीड बघतो.

मोजायचं कसं? पूर्ण कोसळलेल्या इमारतीला सोपा ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, त्याचा एक तृतीयांश. अमेरिकेची आपत्ती यंत्रणाही हाच ०.३३ चा गुणक वापरते. ज्युनिअरची शाळा ४० बाय १५ मीटर, तीन मजले मिळून उंची साडेदहा मीटर. घनफळ ६,३०० घनमीटर. एक तृतीयांश म्हणजे सुमारे २,०८० घनमीटर, आपल्या भाषेत ७३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). टिपर चार ब्रासचा धरला तर १८४ फेऱ्या. एका तीन मजली शाळेच्या.

आता हे शहरभर पसरवा. २०१७ मध्ये मोसुलची लढाई संपली तेव्हा तिथे सुमारे ८० लाख टन ढिगारा असल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज होता. शहरातले तैग्रिस नदीवरचे पाचही पूल निकामी झालेले. मग लीड काय धरणार? नकाशावर तीन किलोमीटर दिसतं आणि टिपर वळसा घालून जातो.

मुंबईलाही हे अगदीच अनोळखी नाही. १४ एप्रिल १९४४ ला, महायुद्ध चालू असताना, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकीन जहाजातल्या कापसाला आग लागली आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं उडाली. गोदी पुन्हा चालू करायला ८,००० माणसं सात महिने राबली आणि सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला गेला. बांधकाम त्यानंतर.

ढिगाऱ्यात सिमेंटचे जुने पत्रे असले तर फुप्फुसाला घातक असं ॲस्बेस्टॉस आलंच. ते वेगळं काढायचं, ओलं करून बांधायचं, वेगळीकडे पुरायचं. त्याचा दर साध्या राडारोड्याच्या कित्येक पट असतो. उलट बाजूला उरलेलं काँक्रीट भरडून भराव किंवा रस्त्याच्या थरात वापरता येतं, लोखंड भंगारात जातं. ही वजावट दाखवा, पण भंगाराचा भाव चढा धरून आकडा सुंदर करू नका.

पाचवी पायरी: दर

आपली राज्य दरसूची इथे उपयोगाची नाही, आणि त्या देशाची युद्धाआधीची दरसूचीही नाही. दर पृथक्करण करायला बसा: माल, मजुरी, यंत्र, वाहतूक, नफा. प्रत्येक मालापुढे तीन गोष्टी लिहा: येतो कुठून, कुठल्या वाटेने, आणि अडवू कोण शकतं.

शेवटचा रकाना आपल्या सवयीचा नाही, पण किंमत तिथेच ठरते. गाझात २०१४ च्या युद्धानंतर सिमेंट आत जायला संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने खास यंत्रणा उभारावी लागली, गोणी कुणाला किती याची नोंद ठेवणारी. अशा ठिकाणी सिमेंटच्या भावात वाट बघण्याचीही किंमत असते. आपल्याकडे रेतीच्या उपशावर बंदी आली की काय होतं ते आठवा. रेती तीच, खाडी तीच, भाव रात्रीत निराळा.

मजुरीचंही तसंच. कुशल गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन देश सोडून गेलेले असतात. आणि शंभर शाळा एकाच वर्षी काढल्या तर उरलेले गवंडी शंभर ठिकाणी ओढले जातात. एका शाळेचा दर शंभराने गुणून कार्यक्रमाचा खर्च निघत नाही.

सहावी पायरी: इमारत उभी राहिली, पण शाळा कुठे?

बाकं, फळे, प्रयोगशाळा, पाण्याची टाकी, जनित्र. इस्पितळात तर ऑक्सिजनची पाइपलाइन, ऑपरेशन थिएटर, एक्स-रे, निर्जंतुकीकरण. इस्पितळाच्या बाबतीत यंत्रसामग्री इतकी महाग असते की बांधकामाच्या दरावर भांडत बसणं निरर्थक वाटावं. आणि ते चालवणार कोण? पगार, डिझेल, देखभाल हे बांधकामाच्या अंदाजपत्रकात बसत नाही हे खरं, तरी एका वेगळ्या पानावर वार्षिक आकडा द्याच. फीत कापून कुलूप लागलेल्या इमारती आपण आपल्याकडेही पाहिल्यात. त्यासाठी युद्ध लागत नाही.

सातवी पायरी: सगळं एकत्र मांडून पाहू

ज्युनिअरच्या शाळेचं उदाहरण. खालचे आकडे माझे, पद्धत समजावी म्हणून धरलेले. कुठल्या देशाचे दर नाहीत. तशीच शाळा मोकळ्या जागेवर नवी बांधायला १०० रुपये लागतात असं धरा.

एक विंग, म्हणजे ३० टक्के भाग, पूर्ण गेलेला. तो नव्याने बांधायला ३०, आणि जुन्याला जोडायची कटकट म्हणून ३, एकूण ३३. उरलेल्या ७० टक्क्यांची दुरुस्ती नव्याच्या सरासरी ३५ टक्क्यांत, म्हणजे २४.५. बेरीज ५७.५. बहुतेक जण इथे थांबतात आणि हाच आकडा वर पाठवतात.

आता पुढे चला. दारूगोळा तपासणी आणि टेकू ४. पडलेल्या विंगचा २२० ब्रास राडारोडा ३. भूकंपाचे नियम, व्हीलचेअरसाठी उतार, स्वच्छतागृहं, तळघरातला निवारा ९. सामान १२. झाले ८५.५. कंत्राटदाराचा कॅम्प, सुरक्षा, विमा, वाहतुकीची तयारी यांचे २० टक्के चढवले की १०२.६. डिझाइन आणि देखरेख ८ टक्के, ११०.८. आकस्मिक खर्च १५ टक्के. मोकळ्या जागेवरच्या नव्या बांधकामाला मी ५ धरतो, पण दुरुस्तीत भिंत फोडल्यावरच खरी भिंत दिसते. झाले १२७.४. निम्मं काम होईल तो दिवस आजपासून दोन वर्षांवर, भाववाढ वर्षाला ६ टक्के, म्हणजे १.१२३६ ने गुणा. १४३.

५७.५ चे १४३. मध्ये कुणी एक पैसा खाल्लेला नाही.

ज्युनिअर म्हणाली, “सर, मग १०० मध्ये नवीच बांधूया की!” ही चूक मी मोठमोठ्या मीटिंगांत पाहिली आहे. नव्या शाळेचे १०० हे मोकळ्या जागेवरचे. तिलाही उरलेलं पाडकाम ६, तपासणी आणि टेकू ४, सगळा राडारोडा १०, सुधारणा ५, सामान १२ लागणारच, झाले १३७. वरची सगळी टक्केवारी तशीच चढवा (इथे जागा मोकळी नाही, म्हणून आकस्मिकही १५ च), २२९ येतात. तुलना १४३ ची २२९ शी करायची, १०० शी नव्हे. म्हणजे दुरुस्ती नव्याच्या ६२ टक्के.

माझा स्वतःचा हात साठ टक्क्यांच्या आसपास थबकतो. त्यापुढे मी सहसा पाडा म्हणतो, कारण दुरुस्तीचा आकडा नेहमी वरच सरकतो. इथे मात्र दुरुस्तीच्या बाजूने गेलो. उरलेल्या भागातले आठ वर्ग सहा महिन्यांत सुरू होऊ शकत होते. नव्या इमारतीत पहिली घंटा तीन वर्षांनी वाजली असती.

आठवी पायरी: वारसा असेल तर

मग चौरस मीटर विसरा. सारायेव्होचं नगरभवन, ज्यात राष्ट्रीय ग्रंथालय होतं, ऑगस्ट १९९२ मध्ये जळालं आणि मे २०१४ मध्ये उघडलं. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे १९४५ मध्ये कोसळलं, २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. सुमारे १८ कोटी युरो लागले, त्यातले १० कोटींहून अधिक देणग्यांतून आले. मोसुलच्या अल-नूरी मशिदीसाठी आणि तिच्या कललेल्या मिनारासाठी संयुक्त अरब अमिरातींनी २०१८ मध्ये युनेस्कोमार्फत ५ कोटी ४ लाख डॉलर दिले. मिनार चढवताना ढिगाऱ्यातून निवडलेल्या हजारो मूळ विटा वापरल्या.

त्या विटा निवडायच्या, साफ करायच्या, नंबर घालायचे, ठेवायच्या. आपल्या दरसूचीत हा आयटम सापडत नाही. म्हणून वारसा इमारतीत राडारोड्याला ‘डिस्पोजल’ लिहू नका. चाळण आणि साठवण असा वेगळा आयटम करा, मजुरीच्या दिवसांवर. दगड कुठून येणार हेही आधी पाहा. फोर्टातल्या जुन्या इमारतींना लागणारा मालाडचा दगड शोधून पाहा एकदा. त्या खाणींच्या जागी टॉवर उभे राहिलेत.

नववी पायरी: पैसा खरंच येणार का, आणि कधी

फेब्रुवारी २०१८ मध्ये इराकसाठी कुवेतमध्ये परिषद झाली. गरज ८८ अब्ज डॉलर सांगितली होती, आश्वासनं मिळाली सुमारे ३० अब्जांची, तीही बरीचशी कर्जं आणि पतपुरवठ्याच्या रूपात. म्हणून काम टप्प्यांत तोडून द्या, आणि प्रत्येक टप्पा एकटाच उभा राहिला तरी वापरता येईल असा बेता. छताशिवायचा मजला हा टप्पा होत नाही.

वेळेचं उदाहरण आपल्या घरचंच. काबूलच्या संसद भवनाची पायाभरणी ऑगस्ट २००५ मध्ये झाली. भारताने बांधलेल्या त्या इमारतीचं उद्घाटन झालं २५ डिसेंबर २०१५ ला. दहा वर्षांत सिमेंट, डॉलर आणि सुरक्षेचा दर, तिन्ही हलतात. त्यामुळे भाववाढीचं कलम आणि चलनाचं कलम वेगवेगळं लिहा. आणि कंत्राटात नवं बांधकाम लमसम (सगळ्या कामाची एकच ठरलेली रक्कम) चालेल, पण दुरुस्ती आयटम रेटवरच (प्रत्यक्ष मापाप्रमाणे पैसे) ठेवा. तडा किती लांब आहे हे माहीत नसताना लमसम मागितलं, तर कंत्राटदार भीतीची किंमत लावतो.

संध्याकाळी ज्युनिअरची फाइल आली. पहिल्या पानावर किमतीची तारीख, चलन आणि त्या दिवसाचा विनिमय दर, काय धरलं, काय धरलं नाही, सगळं नीट. मी एकच दुरुस्ती सांगितली. राडारोड्याच्या रकान्यात तिने सवयीने ‘२२० ब्रास’ लिहिलं होतं. ते खोडून ६२३ घनमीटर करायला लावलं. तिथे ब्रास कुणाला कळणार?